वकिलातीतला फौजी बाबू

२३ एप्रिल २०२५ ची रात्र. पहलगामच्या हल्ल्याला एकच दिवस लोटला होता आणि परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचे निर्णय वाचून दाखवत होते. सिंधू पाणीवाटप करार स्थगित. अटारीचं नाकं बंद. सार्क व्हिसाची सवलत रद्द. मग दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले लष्करी, नौदल आणि हवाई सल्लागार नकोसे ठरवल्याचं जाहीर झालं. आठवड्याभरात देश सोडा. आपलेही सल्लागार इस्लामाबादहून परत येणार आणि ही पदंच यापुढे रद्द. या निर्णयाच्या शेपटाला एक लहानसं वाक्य होतं: या सल्लागारांचे पाच सहायक कर्मचारीसुद्धा दोन्ही उच्चायुक्तालयांतून काढून घेतले जातील.

करार स्थगित करणं समजतं, सीमा बंद करणं समजतं. पण देशाच्या सर्वोच्च सुरक्षा समितीने ज्यांचा वेगळा उल्लेख करावा असे हे पाच जण कोण? ते ब्रिगेडियर नव्हेत, कॅप्टनही नव्हेत. टंकलेखन, नोंदी, फायली, टपाल, गाडी, कुलपं सांभाळणारी ही माणसं. दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांकडे डोळे वटारून बघतात तेव्हा या माणसांच्या खुर्च्याही मोजल्या जातात. मला या गोष्टीचं तेव्हापासून नवल वाटत आलं आहे. या खुर्चीपर्यंत माणूस पोचतो कसा, हा प्रश्न त्या नवलातूनच निघाला.

आधी खोली कशी असते ते पाहू. भारताच्या बऱ्याच वकिलातींत एक संरक्षण विभाग असतो. राष्ट्रकुल देशांत त्याच्या प्रमुखाला डिफेन्स ॲडव्हायझर म्हणतात, इतरत्र डिफेन्स अताशे. मोठ्या देशांत भूदल, नौदल, हवाई दलाचे वेगवेगळे अधिकारी. लहान ठिकाणी एकच अधिकारी तिन्ही दलांचं बघतो, आणि कधी कधी तोच शेजारच्या दोन-तीन देशांचंही. त्याच्या हाताखाली गणवेशातून आलेली मोजकी माणसं: एखादा नायब सुभेदार, एखादा हवालदार क्लार्क, नौदलाचा चीफ पेटी ऑफिसर, हवाई दलाचा सार्जंट. तिथे ते बहुधा शर्ट-पँटमध्येच असतात. शेजाऱ्याला वाटावं, कुठल्याशा कंपनीचे अकाउंटंट आहेत.

या माणसांचं जगातलं स्थान ठरवणारा कागद मात्र भारदस्त आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीतल्या माणसांचे तीन वर्ग पाडले: मुत्सद्दी, प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी आणि सेवावर्ग. आपला हवालदार क्लार्क मधल्या वर्गात बसतो. मुत्सद्द्यांचा पासपोर्ट मरून, त्याचा पांढरा. यजमान देशाचे पोलीस त्याला अटक करू शकत नाहीत. फौजदारी खटल्यापासून त्याला राजदूताइतकंच संरक्षण. दिवाणी बाबतीत मात्र ते कवच फक्त कामापुरतं. रविवारी बायकामुलांना घेऊन फिरायला निघाला आणि कुणाची गाडी ठोकली, तर बेड्या पडणार नाहीत, पण नुकसानभरपाईच्या दाव्यात हे कवच पुढे करता येणार नाही. जकातीचंही तसंच गमतीदार आहे. मुत्सद्द्याला घरगुती सामान जकातीविना मागवण्याची सोय कायम असते; आपल्या हवालदाराला ती फक्त पहिल्यांदा बिऱ्हाड थाटताना. म्हणजे कुकर, मिक्सर, देवघर काय न्यायचं ते पहिल्याच खेपेत. १९६१ मध्ये व्हिएन्नाला जमलेल्या विद्वानांनी एका कारकुनाच्या बिऱ्हाडाचा इतका विचार केला होता!

त्याच करारात आणखी एक बारकावा आहे. वकिलातीत कुणाला पाठवायचं हे पाठवणारा देश सर्वसाधारणपणे आपल्या मर्जीने ठरवतो. राजदूताचा मात्र अपवाद. त्याला आधी संमती लागते. आणि लष्करी, नौदल व हवाई अताशांची नावं आधी कळवा, आम्ही मान्यता देतो, असं यजमान देश म्हणू शकतो. जग या माणसांकडे पहिल्यापासून जरा संशयानेच बघत आलं आहे. कारण उघड आहे. अताशे हा एका अर्थी परवाना असलेला निरीक्षक. 'कायदेशीर मार्गांनी' यजमान देशाची परिस्थिती जाणून घ्यावी आणि आपल्या सरकारला कळवावी, असं कराराच्या तिसऱ्या कलमातच लिहिलं आहे. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांतली रेघ कुठे संपते, यावर निम्मी हेरकथा उभी आहे.

आपल्याला हे नवं नाही. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे रोज काय करत होते? दरबारात कोण रुसलं, कोणाची फौज कुठे निघाली, खजिन्यात किती उरलं, हे पुण्याला लिहून पाठवत होते. त्यांची पत्रं आज हिंगणे दप्तर म्हणून छापील मिळतात. वकिलाचं नाव इतिहासात आलं. पत्राची नक्कल करणारा कारकून आणि ते कमरेला बांधून मजल मारणारा जासूद मात्र बहुतेक वेळा अनामिकच राहिला.

आता त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता पाहायला नवी मुंबईत येऊ. खारघरच्या सेंट्रल पार्कच्या बाजूला किंवा पामबीच रस्त्याच्या कडेला पहाटे गेलात तर मुलं पळताना दिसतील. भरतीची तयारी. कुणी पोलीस, कुणी अग्निवीर, कुणी सीआयएसएफ. १६०० मीटर, स्टॉपवॉच, वर मास्तरांच्या शिव्या. यातल्या एखाद्याने परदेशी वकिलातीतल्या फौजी नोकरीचं ऐकलेलं असतं आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "फॉर्म कधी सुटतो?"

फॉर्म सुटतच नाही. या जागांसाठी बाहेरच्या माणसाला भरता येईल असा अर्ज नाही, पेपरात जाहिरात नाही. वकिलातीतल्या त्या शांत खोलीकडे जाणारा रस्ता १६०० मीटरच्या त्या धावण्यावरूनच जातो, आणि मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. येरेवान किंवा दार-एस-सलाममध्ये फाइल लावायची तर आधी चिखलात रांगावं लागतं.

रस्ता साधारण असा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, अशी नवी मुंबई दोन जिल्ह्यांत वाटलेली असली तरी सैन्यभरतीसाठी दोन्हीकडच्या मुलांना मुंबईचंच भरती कार्यालय. भूदलात अग्निवीर क्लार्क व स्टोअरकीपर टेक्निकल असा एक स्वतंत्र प्रकार आहे. बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात निदान ५० टक्के, आणि इंग्रजीबरोबर गणित, अकाउंट्स किंवा बुककीपिंग हवंच. वाशी-नेरुळच्या कॉमर्सच्या मुलांना ही अट ऐकून आश्चर्य वाटतं. बुककीपिंगचा सैन्याशी काय संबंध, असं त्यांना वाटत असतं. संबंध असा की दहा-बारा लाखांची फौज पगार, रजा, रेशन, बदली आणि पेन्शन यांच्या नोंदीवर चालते. लग्न झालं, मूल झालं, कोर्स पास झाला, की त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते. ती निघाली नाही तर कागदोपत्री ते मूल जन्मलेलंच नसतं.

नौदलात हेच काम करणाऱ्याला 'रायटर' म्हणतात. रायटर, स्टोअर असिस्टंट, कुक, स्टुअर्ड यांना घडवणारी नौदलाची शाळा आपल्या मुंबईतच, मालाड-मार्वेच्या समुद्रकाठी आयएनएस हमलावर. खाडीपलीकडे खारघरच्या जलवायू विहारसारख्या वसाहती नौदल-हवाई दलातल्या माणसांसाठीच उभ्या राहिल्या. जहाजावर काम केलेल्या रायटरचं अक्षर पाहण्यासारखं असतं. डुलत्या टेबलावर रजिस्टर भरायची सवय.

पण सैन्यात क्लार्क झालं म्हणजे परदेशी पोस्टिंग आलं असं मुळीच नाही. वर्षानुवर्षं युनिटचं ऑफिस सांभाळावं लागतं. मग मागणी निघाली की ती आतल्या आत फिरते. इच्छा असेल तर अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनेल': कमांडिंग ऑफिसरची शिफारस, मग रेकॉर्ड ऑफिस, मग दिल्ली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचं सगळं सेवापुस्तक बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात, महार रेजिमेंटच्या जवानाचं सागरला. साहेबांनी वर्षागणिक लिहिलेले गोपनीय अहवाल, 'शेप वन' तब्येत, कोर्सचे ग्रेडिंग आणि कंडक्ट शीट. त्या शीटवर शिक्षेची लाल शाईतली नोंद असली, की सैन्यातल्या माणसाचा चेहरा पडतो. रजेवरून उशिरा आल्याची जुनी नोंदही तिथे टिकून राहते. कुठलीही मोक्याची बदली ठरवताना तो कागद कुणीतरी उलटून बघतोच.

अमेरिकेत ही निवड बऱ्यापैकी उघड आहे. तिथल्या सैन्यातला सार्जंट अताशेच्या कार्यालयातल्या कामासाठी स्वतःहून अर्ज करू शकतो. वकिलातींच्या दारावर उभे राहणारे मरीन तर जगप्रसिद्ध. त्यांची पहिली तुकडी जानेवारी १९४९ मध्ये टँजियर आणि बँकॉकला रवाना झाली. खालच्या हुद्द्यावरचा पहारेकरी मरीन अविवाहितच हवा, असा त्यांचा नियम. आपल्याकडे असला गाजावाजा नाही. भारताच्या परदेशातल्या डिफेन्स अताशांचं नियंत्रण २००२ मध्ये स्थापन झालेल्या डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सीकडे आहे. हे एकच वाक्य वाचलं तरी अर्ज ऑनलाइन का भरता येत नाही, ते कळावं.

एका कारकुनाच्या निवडीत इतकी गुप्तता कशाला, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण मग दोन गोष्टी वाचल्या.

पहिली पॅरिसची. १८९४. जर्मन वकिलातीत लष्करी अताशे होते कर्नल श्वार्त्झकोपेन. त्यांची खोली झाडायला यायची मादाम बास्तियाँ नावाची बाई. दिसायला भोळी, अडाणी. ती कचऱ्याच्या टोपलीतले कपटे गोळा करायची आणि ते थेट फ्रेंच हेरखात्याला नेऊन द्यायची. देवाणघेवाणीची जागा चर्च. प्रार्थनेला आलेल्या बाईवर कोण संशय घेणार? हेरखात्याच्या भाषेत या वाटेला 'नेहमीचा मार्ग' म्हणत. त्या वर्षी या मार्गाने एक फाडलेलं, निनावी पत्र आलं. फ्रेंच सैन्याचे कागद जर्मनांना पुरवायची तयारी असलेल्या कुणाची तरी यादी. १२० मिलिमीटर तोफेचा ब्रेक कसा चालतो, इथपासून सुरुवात. तुकडे चिकटवले गेले, अक्षर जुळवलं गेलं, आणि चुकीच्या माणसाशी जुळवलं गेलं. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस. ज्यू असल्यामुळे त्याच्यावर संशय घेणं सोपं पडलं. डेव्हिल्स आयलंडची कोठडी, १८९८ मध्ये एमिल झोलाचं गाजलेलं जाहीर पत्र, फ्रान्सच्या घराघरांत भांडणं, आणि १९०६ मध्ये अखेर निर्दोष सुटका. खरा गुन्हेगार एस्तरहाझी. एका प्रजासत्ताकाला बारा वर्षं हादरवणारी ही कहाणी, आणि तिची पहिली चाल केर काढणाऱ्या बाईची. अताशेने आपली तलवार, आपले नकाशे, आपली कपाटं जपली. टोपली तेवढी जपली नाही.

दुसरी ओटावाची, आणि ती तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातली. सोव्हिएत वकिलातीत लष्करी अताशे कर्नल झाबोतिन यांच्या हाताखाली इगोर गुझेंको नावाचा सव्वीस वर्षांचा क्लार्क होता. काम सांकेतिक लिपीचं: मॉस्कोहून आलेली तार उलगडायची, इथून जाणारी बांधायची. पोलादी दारांच्या खोलीत दिवसभर बसणारा हा मुलगा वाटाघाटी करत नव्हता, कुणाला भेटत नव्हता. पण कॅनडात सोव्हिएतांचे हेर कोण, अणुबॉम्बची माहिती कोण देतंय, हे सगळं त्याच्याच पेन्सिलीखालून जात होतं. मॉस्कोला परत बोलावणं आल्यावर त्याने ठरवलं. हवे ते कागद ओळखू यावेत म्हणून त्यांचे कोपरे आधीच हळूच दुमडून ठेवले. ५ सप्टेंबर १९४५ ला, म्हणजे जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन तीनच दिवस झाले असताना, शंभराहून जास्त कागद अंगावर लपवून तो बाहेर पडला.

आणि मग कुणी ऐकेचना! आधी तो 'ओटावा जर्नल' या वर्तमानपत्रात गेला. तिथे त्याला पोलिसांकडे जा म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी गरोदर बायको आणि लहान मुलाला घेऊन सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना हे लचांड नको होतं. सोव्हिएत संघ तेव्हा दोस्त राष्ट्र. रात्री घराचं दार धोक्याचं वाटून कुटुंब समोरच्या शेजारणीकडे लपलं. मध्यरात्री सोव्हिएत वकिलातीची माणसं खरंच आली आणि त्यांनी गुझेंकोचं दार फोडलं. पोलीस पोचले, आणि तेव्हा कुठे कॅनडाच्या सरकारची खात्री पटली की हा मुलगा खरं बोलतोय. कारण फुसक्या कागदांसाठी कुणी मध्यरात्री दार फोडत नाही. ब्रिटिश अणुशास्त्रज्ञ ॲलन नन मे याला शिक्षा झाली, शाही चौकशी आयोग बसला, आणि पुष्कळ इतिहासकार शीतयुद्धाची सुरुवात त्या रात्रीपासून मोजतात. गुझेंको पुढे टीव्हीवर आला तर डोक्यावर पिशवीसारखा बुरखा घालून. त्याने एक कादंबरी लिहिली आणि तिला १९५४ मध्ये कॅनडाचा मानाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला, हे मला हेरगिरीपेक्षाही अचाट वाटतं.

राजदूताला धोरण माहीत असतं, अताशेला माणसं माहीत असतात, पण प्रत्येक कागद ज्याच्या हातून जातो असा माणूस तो क्लार्कच. म्हणून लाल शाईची ती नोंद. म्हणून स्थानिक कर्मचाऱ्याला दरवाज्यावर, गाडीवर, बागेत ठेवतात आणि गोपनीय कपाटाजवळ मायदेशातून आलेला माणूसच बसवतात.

कागदाची किंमत उलट्या बाजूनेही कळते. वकिलातीच्या सीलबंद टपालाला, ज्याला राजनैतिक बॅग म्हणतात, कुणी उघडू शकत नाही, अडवू शकत नाही. पण बॅगेवर तशी बाहेरून दिसणारी खूण हवी. जुलै १९८४ मध्ये नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना लंडनच्या रस्त्यावरून पळवून, बेशुद्ध करून, लाकडी खोक्यात घातलं गेलं आणि खोकी लागोसला पाठवण्यासाठी स्टॅनस्टेड विमानतळावर आणली गेली. खोक्यांवर राजनैतिक बॅगेची नियमाप्रमाणे खूण आणि कागदपत्रं नव्हती. कस्टमच्या माणसांनी त्यावर बोट ठेवलं, खोकी उघडली, आणि डिक्को जिवंत सापडले. इतका मोठा कट, त्यात भूल देणारा डॉक्टरसुद्धा होता, आणि अडला कशावर तर लेबलावर. कुठल्याही हेड क्लार्कने तो मजकूर डोळे मिटून लिहिला असता.

एरवीचं काम हेरकथेसारखं मुळीच नसतं. पुष्कळसं कंटाळवाणं असतं. १५ ऑगस्टच्या समारंभाची पाहुण्यांची यादी, त्यात यजमान देशाच्या जनरलचा हुद्दा मागच्या महिन्यात बदलला की नाही हे तपासणं. मायदेशातून येणाऱ्या शिष्टमंडळाची विमानं, हॉटेलं, बिलं. कोर्सला आलेल्या आपल्या अधिकाऱ्यांची राहण्याची सोय. महिन्याचा हिशोब, आणि दिल्लीहून त्यावर येणारे आक्षेप. पण आपली युद्धनौका येणार म्हटलं की या खोलीत लगीनघाई होते. परवानगीशिवाय कुठलीच युद्धनौका परक्या बंदरात शिरत नाही. मुंबईहून निघालेलं जहाज मोंबासाला किंवा सलालाला लागायचं तर परवानगीची पत्रं, धक्का, टगबोट, डिझेल, गोडं पाणी, ताजी भाजी, कचरा उचलणारा कंत्राटदार, खलाशांची नामावली, सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. जहाजावरचा रायटर आणि वकिलातीतला रायटर एकमेकांना न पाहता आठवडाभर एकमेकांची डोकेदुखी झालेले असतात.

मार्च २०१५ च्या शेवटी येमेनमध्ये बॉम्ब पडत असताना आयएनएस सुमित्रा एडनच्या बंदरातून साडेतीनशेच्या आसपास माणसांना उचलून पलीकडे जिबूतीला घेऊन आली. तिथून हवाई दलाच्या विमानांनी माणसं मुंबई-कोचीला पोचली. ऑपरेशन राहत. चार हजार सहाशेहून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे जवळजवळ हजारभर नागरिक बाहेर काढले गेले. तेव्हा जिबूतीत भारताची वकिलातसुद्धा नव्हती; ती २०१९ मध्ये उघडली. तांबड्या समुद्राच्या त्या तोंडावरून न्हावा-शेव्याला येणारे-जाणारे कंटेनर जातात, चाचेही तिथेच. २०२४ मध्ये भारताने अनेक देशांत नव्याने डिफेन्स अताशे पाठवायचं ठरवलं. त्या यादीत जिबूती होतं, इथिओपिया, टांझानिया, मोझांबिक, आयव्हरी कोस्ट होते. आणि फिलिपिन्स, पोलंड, आर्मेनिया.

फिलिपिन्सने २०२२ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. आर्मेनियाने पिनाका रॉकेट यंत्रणा घेतली, जिची रचना पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई प्रयोगशाळेची. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. विकलेल्या शस्त्राबरोबर सुटे भाग, प्रशिक्षण, तक्रारी आणि पत्रव्यवहार येतोच. नवा अताशे गेला की त्याच्याबरोबर एक-दोन टेबलंही जातात.

ही टेबलं सुरक्षित असतात असं मात्र समजू नये. ७ जुलै २००८ ला काबूलमधल्या भारतीय वकिलातीच्या दारात स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. लष्करी अताशे ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, परराष्ट्र सेवेतले व्ही. वेंकटेश्वर राव, इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे (आयटीबीपी) दोन जवान आणि वकिलातीतला एक अफगाण कर्मचारी गेले. बाहेर व्हिसाच्या रांगेतले कितीतरी. दुसरा धोका आवाज न करणारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या दहशतवादविरोधी पथकाने मॉस्कोच्या भारतीय वकिलातीत सुरक्षा सहायक असलेल्या एकाला पाकिस्तानसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपाखाली पकडलं. पद लहान, पगार बेताचा, कपाट जवळ. परक्या हेरखात्याला याहून सोयीचा माणूस कोण? मादाम बास्तियाँच्या त्या टोपलीला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण 'नेहमीचा मार्ग' कुणी बंद केलेला नाही.

खारघरच्या मैदानावरच्या मुलाला मात्र सैन्याबाहेरचीही दोन दारं दाखवायला हवीत. पदवी असेल तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल परीक्षा. त्यात परराष्ट्र मंत्रालयातलं असिस्टंट सेक्शन ऑफिसरचं पद असतं. हा माणूस फौजी नाही, पण वकिलातीतल्या जागांवर त्याची पाळी येत राहते. साधारण तीन वर्षांचं बिऱ्हाड, सरकारी घर आणि त्या शहराच्या महागाईप्रमाणे ठरलेला फॉरेन अलाउन्स. आणि पहाऱ्याचं काम आवडत असेल तर आयटीबीपी. काबूलची वकिलात त्यांनीच राखली. ऑगस्ट २०२१ मध्ये विमानाने राजदूतांबरोबर ९९ जवान परतले, आणि रुबी, माया, बॉबी ही तीन कुत्रीही.

तिसरं दार दाखवणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावं. वाशी-बेलापूरच्या टॉवरांमधून परदेशी नोकरीच्या पाट्या कमी नाहीत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे कामगार बाहेर पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते, आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत तपासता येते. पण नोंदणी असलेला एजंटही वकिलातीतली लष्करी जागा देऊ शकत नाही, कारण ती त्याच्याकडे असूच शकत नाही. जुलै २०२५ मध्ये गाझियाबादमध्ये एका भाड्याच्या घरात अख्खी खोटी वकिलातच सापडली. अंटार्क्टिकावर हक्क सांगणाऱ्या, कुणीही न मानलेल्या 'वेस्टार्क्टिका' नावाच्या देशाची. दारात राजनैतिक नंबरप्लेटच्या चार आलिशान गाड्या, आत शिक्के, झेंडे, पुढाऱ्यांबरोबरचे बनावट फोटो. आणि धंदा, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, परदेशात नोकरी लावून देतो असं सांगण्याचा.

एवढं ऐकूनही ज्याला सैन्यातूनच जायचं आहे त्याने टायपिंगबरोबर एखादी परकी भाषा धरावी, असं मी सांगेन. चार वर्षांसाठीच भरती होणाऱ्या अग्निवीराच्या वाट्याला ही खुर्ची येणं कठीणच. हे काम कागदात मुरलेल्या माणसाचं आहे आणि मुरायला वेळ लागतो. पण पुढे कायम झालेल्या जवानाला सैन्यात भाषा शिकायची सोय चांगली आहे. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचं स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस १९४८ पासून चालू आहे, आणि पचमढीच्या आर्मी एज्युकेशन कोअरच्या केंद्रातही परकीय भाषा शिकवतात. तिथे सातपुड्याच्या थंडीत बसून, पहिल्या महिन्यात, भल्याभल्या सुभेदारांना बालवाडीतल्या मुलांसारखी चिनी अक्षरं गिरवावी लागतात.